कुडाची भिंत

करंजाच्या द्रोणागिरीवरील किल्ल्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. पायथ्याच्या कोळी-आगऱ्यांच्या भिंतींचा कोणी लिहावा? आम्हीच लिहितो; आमचा जन्म कुडाच्या घरातला.

लाकडी सांगाड्याच्या घरात भिंतीवर भार नसतो. छप्पर पेलतात ते खांब आणि तुळया. दोन खांबांमधला गाळा तेवढा भरायचा असतो. ऐपत असेल तो सागाच्या फळ्या ठोकी, कोणी विटा भरी. बाकीचे कारवीच्या काठ्या उभ्या लावीत, बांबूच्या आडव्या कामट्यांना बांधीत आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपीत. पावसाच्या तोंडाला माडाच्या झावळ्यांचे झाप येत. कूड कुजला तर तेवढाच बदलावा. खांबाला धक्का नाही. एवढी सोय विटेत नाही, असे आमचे मत आहे.

पण कारवी येई डोंगरातून, आणि डोंगर सरकारचा झाला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे-कुलाब्यातून एवढी ओरड झाली, की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. ओरड मात्र थांबली नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी जवळच्याच चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगरावर लोक जंगल सत्याग्रहाला जमले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. कातकऱ्यापुढे फळी की वीट हा प्रश्नच नव्हता. कारवी हीच त्याची भिंत.

आमच्या घराच्या कुडाजागी पुढे विटा आल्या. खांब तेच आहेत. कामट्या बांधल्याच्या खुणा त्यांच्यावर अजून दिसतात.