चर्चेची जागा आणि तिचा निधी

इंटरनेटवर चर्चेची जागा उभारणे फारसे अवघड नव्हते. ती वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न अवघड होता. मराठीत हे काम १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेश चतुर्थीला, अमेरिकेत सुरू झालेल्या 'मायबोली'ने हाती घेतले. तेव्हा युनिकोड रुळलेले नव्हते. पुढे २००४मध्ये 'मनोगत' आणि २००७मध्ये 'उपक्रम' व 'मिसळपाव' आली. लातूर-नांदेडचा वाचक परदेशातल्या मराठी माणसाशी वाद घालू शकला तो बऱ्याच अंशी चालकांच्या आणि स्वयंसेवकांच्या बिनमोल श्रमांमुळे. जाहिरातींनी थोडाफार हातभार लागे, पण लिहिणाऱ्यांच्या मजकुराचे भवितव्य शेवटी चालकाच्या सर्व्हरवरच अवलंबून असे.

ही अडचण सोडवण्याचा वेगळा प्रयत्न मार्च २०१६मध्ये 'स्टीम' या ब्लॉकचेनने केला. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ती उभी केली. तिथे लेख आणि प्रतिसाद एका कंपनीच्या सर्व्हरवर न राहता अनेक संगणकांवर जपलेल्या सामाईक नोंदवहीत, म्हणजे साखळीवर, जात. रोज नवी नाणी तयार होत, आणि त्यांतला मोठा वाटा वाचकांच्या मतांनुसार लेखकांना व मत देणाऱ्यांना मिळे. मजकूर सगळ्यांना खुला असल्यामुळे त्यावर कोणीही स्वतःचे सॉफ्टवेअर रचू शके. २०१७मध्ये आलेले 'चेनबीबी' याच वाटेने गेले: जुन्या चर्चामंचांसारखे विभाग आणि धागे, पण खालची नोंद स्टीमवर. अशा सॉफ्टवेअरच्या कर्त्याला लेखाच्या मोबदल्यातला ठरावीक हिस्सा परस्पर मिळण्याची सोयही साखळीतच होती. त्याच वर्षी आलेला 'युटोपियन' प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भर घालणाऱ्यांना याच नाण्यांत मोबदला देऊ लागला.

व्यवस्था नाण्याच्या भावावर तोलली होती. २०१८मध्ये भाव कोसळले आणि नोव्हेंबरमध्ये स्टीममागच्या 'स्टीमिट' कंपनीने सुमारे ७० टक्के कर्मचारी कमी केले. चेनबीबीही पुढे बंद पडले, मात्र तिथे लिहिलेले साखळीवर राहिले. मजकूर टिकला, सॉफ्टवेअर नाही, म्हणजे डागडुजीसाठी कायमचा निधी लागणारच होता. त्यासाठी स्टीमच्या नियमांत ऑगस्ट २०१९मध्ये झालेल्या बदलात नव्या नाण्यांचा १० टक्के भाग प्रस्ताव-निधीकडे वळवण्यात आला. विकासकाने कामाचा आराखडा आणि रोजची रक्कम मांडायची, नाणेधारकांनी मत द्यायचे. मते पुरेशी पडली की पैसे आपोआप मिळत. मते काढून घेतली तर ते मध्येच थांबत.

पण मताचे वजन नाण्यांच्या प्रमाणात होते. लातूरच्या मांजरा साखर कारखान्याच्या सभासदाला हे खटकले असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०प्रमाणे सभासदाचे शेअर कितीही असले तरी मत एकच. स्टीमवर मोठ्या ठेवीचा धनी शेकडो छोट्या सभासदांना झाकून टाकू शके, आणि घडलेही तसेच. फेब्रुवारी २०२०मध्ये जस्टिन सन यांच्या 'ट्रॉन' या ब्लॉकचेन संस्थेने स्टीमिट विकत घेतली. कंपनीकडे नाण्यांचा प्रचंड साठा होता. 'विटनेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निवडून आलेल्या नोंदरक्षकांनी तो तात्पुरता गोठवला. मार्चच्या सुरुवातीला काही मोठ्या विनिमय केंद्रांनी ग्राहकांनी ठेवलेली नाणी वापरून ट्रॉनच्या बाजूने मते दिली आणि जुने विटनेस हटवले. ठेव ग्राहकाची आणि मत विनिमय केंद्राचे, हा त्या रचनेतला सर्वांत गंभीर दोष होता.

त्यानंतर २० मार्च २०२० रोजी समुदायाने 'हाइव्ह' ही वेगळी साखळी काढली. जुने लेख आणि बहुतेकांची नाणी तिथे जशीच्या तशी आली, मात्र कंपनीचा साठा तिला न देता विकास-निधीत टाकण्यात आला. हाइव्हवरच्या सॉफ्टवेअरची उभारणी आणि देखभाल बरीचशी याच निधीतून चालते. त्यासाठीचे मतदान मात्र आजही नाण्यांच्या वजनावरच होते.