बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन

मुंबई-पुणे प्रवास आज इतका अंगवळणी पडला आहे की, एके काळी बोरघाट चढताना आगगाडीस वाटेत थांबून उलट दिशेने पुढची वाट धरावी लागे, हे नव्या पिढीस ठाऊकही नसेल. खंडाळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या एका सोंडेवर, याच कामासाठी एक लहानसे स्थानक होते. त्यास ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ म्हणत.

कर्जतकडून आलेली गाडी तेथे थांबे. पुढे डोंगराची कड असल्याने लोहमार्ग तसाच नेणे कठीण होते. म्हणून इंजिन सोडून गाडीच्या दुसऱ्या टोकास जोडीत आणि गाडी वरच्या अंगाच्या मार्गाने खंडाळ्याकडे निघे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांची ही योजना होती. सुमारे २५ किलोमीटरांच्या या घाटात १,८३१ फूट चढण व २५ बोगदे होते. काही ठिकाणी तर दर ३७ फुटांस १ फूट असा चढ होता.

काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा दंगा झाला व पहिल्या ठेकेदाराने काम सोडले. त्याच वर्षी आलेला नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मृत्यू पावला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालविला. १८६१ च्या आरंभी घाटात ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. साथीच्या रोगांनी त्यांतील कित्येक दगावली. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले.

पुढे या मार्गाचे विद्युतीकरण होत असता नवे बोगदे खोदून वाट सरळ करण्यात आली आणि १९२९ मध्ये हे स्थानक बंद झाले. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला तेथे तोंड फिरविण्याची वेळच आली नाही.

बर्कले व ट्रेडवेल दांपत्य यांची नावे इतिहासात राहिली. डोंगर फोडणाऱ्या सहस्रावधी मजुरांचे काम राहिले, नावे मात्र राहिली नाहीत. आपल्या घरोघरच्या वंशावळींत याच्या उलट प्रकार आढळतो. पूर्वजांची नावे असतात, त्यांनी आयुष्यभर कोणते कष्ट केले याची नोंद नसते. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर ती त्यांच्याकडून विचारून लिहून ठेवावी, एवढीच ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती.