ध्यानाची वाट आणि आपला मुलूख

आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम सिद्धीस गेले, हे ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी व दानशूर देणगीदार यांच्या एकजुटीचे फळ आहे. या मंगल प्रसंगी एका जुन्या परंपरेचे स्मरण करावेसे वाटते. देवळात आपण नवस बोलतो, भजन करतो. परंतु घटकाभर स्वस्थ बसून अंतःकरणाचा कौल ऐकणे, हेही या मातीत पूर्वापार चालत आलेले आहे.

लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचे दर्शन आपण सर्वांनी घेतले आहे. ज्या दालनात आपण उभे राहतो, तो दीड हजार वर्षांहून जुना बौद्ध विहार आहे. आत एकही खांब नाही आणि तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या २० खोल्या आहेत. पावसाळ्यात फिरती थांबवून एका जागी राहावे, अध्ययन व ध्यान करावे, असा भिक्षूंचा नियम होता. पुढे तेथे गणरायाचे स्थान झाले. उपासना बदलली, परंतु जागेचा एकांत तोच राहिला.

दुसरे स्थान ओतूरचे. मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. याच बाबाजींनी तुकाराम महाराजांना माघ शुद्ध दशमीस, गुरुवारी, स्वप्नात 'राम कृष्ण हरि' हा मंत्र दिला, असे महाराजांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे.

परंतु हा उपदेश काही सहज लाभला नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात महाराजांचा व्यवहार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यानंतर ते भामचंद्राच्या डोंगरावर एकांतात बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत तेथे गेले, अशी कथा आहे. परतल्यावर महाराजांनी घरातील कर्जाची खतपत्रे काढली, त्यांचे दोन वाटे केले, कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा इंद्रायणीत सोडला. मग देहूचे पडके विठ्ठलमंदिर दुरुस्त करण्यास ते लागले.

तालुका कचेरीत नोकरी करणाऱ्यास कागदाची किंमत ठाऊक असते. एका बांधासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे तारखा करतात. म्हणून या कथेतील वाटणी मला फार मोलाची वाटते. आतून आलेला आवाज देवाचा की आपल्याच हट्टाचा, हे ओळखावे कसे? महाराजांनी त्याग केला तो स्वतःच्या हक्काचा. भावाच्या हक्काला हात लावला नाही. दुसऱ्याचे घ्यावयास सांगतो तो लोभ, आणि आपले सोडावयास सांगतो तो बहुधा खरा कौल.

सज्जनहो, देहूच्या त्या जीर्णोद्धारामागे आधी डोंगरावरचा एकांत होता, हे ध्यानी घ्यावे. आपण मंदिर उभारले, आता त्यात थोडी शांतताही राखू या. काकड आरतीपूर्वी अर्धा तास कर्णा बंद ठेवावा आणि ज्याला बसावेसे वाटेल त्याने सभामंडपात बसावे. त्यातून एका भावाला जरी आपला अर्ज मागे घ्यावासा वाटला, तरी देणगीदारांचा पैसा सत्कारणी लागला असे होईल.