परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे

नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत, हिंदीभाषक मुलखातील एका जिल्ह्यात उपविभागीय अधिकारी असताना, मी एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांना पाच ओळींचे पत्र पाठविले होते. वसतिगृहाच्या शुल्कवाढीविरुद्ध विद्यार्थी आवारात सभा घेणार होते आणि नेमका त्याच आठवड्यात मंत्रिमहोदयांचा दौरा ठरला होता. सभेत भाग घेणाऱ्यांची नावे कळवावीत आणि त्यांच्या शिष्यवृत्तीचा फेरविचार करावा, असा पत्राचा आशय होता. मसुदा लिपिकाचा, स्वाक्षरी माझी. दुसऱ्या दिवशी ते वयोवृद्ध प्राचार्य पत्र घेऊन स्वतःच आले. ते माझ्या मेजावर ठेवून अत्यंत नम्रपणे म्हणाले, ‘‘साहेब, हे कोणत्या कायद्यान्वये आहे, तेवढे वर लिहून द्यावे. म्हणजे मला पालन करता येईल.’’ मजजवळ उत्तर नव्हते. पत्र मागे घेतले. सभा झाली आणि दौराही निर्विघ्न पार पडला.

पुढे अनेक वर्षांनी बंगालच्या फाळणीचा इतिहास वाचताना माझेच पत्र मला पुन्हा भेटले. त्यावरील तारीख मात्र १० ऑक्टोबर १९०५ अशी होती!

बंगाल सरकारचे मुख्य सचिवपद सांभाळणारे आर. डब्ल्यू. कार्लाइल यांनी जिल्हाधिकाऱ्यांना पाठविलेले ते पत्र इतिहासात ‘कार्लाइल परिपत्रक’ म्हणून ओळखले जाते. फाळणी अमलात येण्यास सहा दिवस उरले होते आणि स्वदेशी व बहिष्काराच्या चळवळीत विद्यार्थी अग्रभागी होते. शाळा-महाविद्यालयांच्या प्रमुखांनी त्यांना आवरले नाही, तर संस्थेचे अनुदान आणि विद्यार्थ्यांची शिष्यवृत्तीची पात्रता काढून घेतली जाईल, विद्यापीठाला संलग्नता रद्द करण्यास सांगितले जाईल, अशी तंबी त्यात होती. प्रसंगी शिक्षकांना विशेष पोलीस शिपाई म्हणून नेमण्याचीही सूचना होती. या सर्वासाठी कोणताही नवा कायदा करण्यात आला नव्हता. एक पत्र, एक स्वाक्षरी आणि अनुदानाची दोरी एवढ्यावर काम भागणार होते.

परिणाम मात्र उलटा झाला. नोव्हेंबरच्या प्रारंभी कलकत्त्यात विद्यार्थ्यांनी ‘अँटी-सर्क्युलर सोसायटी’ स्थापन केली. परिपत्रकाच्या विरोधासाठी जन्मलेली आणि ते नाव अभिमानाने मिरविणारी ती संस्था होती. आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर येथे सभेला गेलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच रुपये दंड झाला. पालकांनी तो भरण्याचे नाकारले आणि ८ नोव्हेंबर १९०५ रोजी तेथे राष्ट्रीय शाळाच उघडली. १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद उभी राहिली. तिच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारण्यासाठी अरविंद घोष सयाजीरावांच्या बडोद्यातून कलकत्त्यास गेले. त्याच परिषदेच्या वृक्षाला १९५५ मध्ये जादवपूर विद्यापीठ हे फळ आले.

प्रशासनाच्या अभ्यासकाला याहूनही उद्बोधक वाटावी अशी कथा सिराजगंजची आहे. तेथील दोन शाळांच्या विद्यार्थ्यांच्या वर्तनाने संतप्त झालेले पूर्व बंगाल व आसामचे लेफ्टनंट गव्हर्नर बॅम्फील्ड फुलर यांनी त्या शाळांची मान्यता काढण्याची मागणी कलकत्ता विद्यापीठाकडे केली. व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्या सरकारने ती मागे घेण्यास सुचविले. फुलर यांनी राजीनाम्याची भाषा केली, तेव्हा राजीनामाच स्वीकारला गेला आणि ऑगस्ट १९०६ मध्ये ते पायउतार झाले. दोन शाळांच्या मुलांपायी एका प्रांताच्या प्रमुखाची खुर्ची गेली. तरीही धोरण संपले नाही. १९०७ मध्ये भारत सरकारचे गृहसचिव एच. एच. रिस्ली यांच्या परिपत्रकाने तेच सूत्र देशभर नेले.

स्वराज्य आले आणि २६ जानेवारी १९५० पासून संविधानाने या प्रश्नाची भूमीच बदलली. अनुच्छेद १९(१)(क) नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो. विद्यार्थी महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरला म्हणून त्याचे नागरिकत्व बाहेर राहत नाही. या स्वातंत्र्यावर मर्यादा आहेत, पण त्या अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिलेल्या आहेत. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी ही ती आठ कारणे. मंत्र्यांचा दौरा या यादीत नाही आणि वरिष्ठांची नाराजीही नाही. शिवाय ही मर्यादा ‘कायद्याने’ घातलेली आणि वाजवी असावी लागते.

‘कायद्याने’ या एका शब्दाचे मोल १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले. प्रकरण महाविद्यालयाचे नसून केरळमधील शाळेचे होते. यहोवा विटनेस पंथाची तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु श्रद्धेमुळे ते गात नसत. शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओ. चिनप्पा रेड्डी व न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या पीठाने मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. ‘बिजो इमॅन्युएल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या निवाड्याने धर्मस्वातंत्र्याइतकीच आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ज्यांना वैधानिक आधार नाही अशी खात्याची परिपत्रके म्हणजे अनुच्छेद १९(२) मधील ‘कायदा’ नव्हे, म्हणून त्यांच्या बळावर अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य रोखता येत नाही. कार्लाइलसाहेबांच्या पत्राला आठ दशकांनी मिळालेले हे उत्तर, असे मला नेहमी वाटत आले आहे.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. परीक्षेच्या दालनाबाहेर ध्वनिक्षेपक लावू न देणे हे संस्थेचे कर्तव्यच आहे. केरळ उच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाविद्यालयाने आवारातील राजकीय कार्यास केलेली मनाई वैध ठरविली होती. शिवाय मूलभूत हक्कांचे हे संरक्षण प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध आहे. खासगी संस्थेपुढे ते तितके सरळ लागू होत नाही. ही गुंतागुंत जुनीच आहे. कार्लाइल यांचे पत्र निघाले त्याच ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली आणि फर्ग्युसन महाविद्यालयाने विद्यार्थी सावरकरांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. त्या वेळी प्राचार्यपदी होते रँग्लर परांजपे, म्हणजे एक विद्वान, उदारमतवादी भारतीय. आवारातील आवाज बंद करण्याची घाई केवळ परकीय सत्तेलाच असते असे नाही.

आणि ती घाई अजून ओसरलेली नाही. मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातील एका विद्यार्थिनीच्या निष्कासनाचा आदेश स्थगित केला. समाजमाध्यमावरील मजकुराबद्दल तिला महाविद्यालयातून काढताना बाजू मांडण्याची संधीही दिलेली नव्हती. मजकूर कोणाला रुचेल वा न रुचेल. पण ऐकून घेणे ही शिक्षेची पहिली पायरी आहे, हे शिक्षणसंस्थेलाच न्यायालयाने सांगावे लागले.

महाराष्ट्राबाहेर, परक्या भाषेच्या गावी शिकणारी आपली मुले आज हजारोंनी आहेत. तेथे त्यांच्या पाठीशी नात्यागोत्याचा माणूस उभा नसतो. अशा वेळी आधार असतो तो लिखित नियमाचा आणि तो वाचून दाखविणाऱ्या एखाद्या निर्भय शिक्षकाचा.

त्या प्राचार्यांचे पुढे निधन झाले. त्यांनी माझ्यावर केवढे उपकार केले, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. त्यानंतरच्या नोकरीत शाळा-महाविद्यालयांविषयीचा कोणताही मसुदा समोर आला की माझी लेखणी प्रथम वरच्या डाव्या कोपऱ्यात जाई आणि तेथे मी लिहीत असे, ‘कोणत्या कायद्यान्वये?’ बरेचसे मसुदे मग परत आलेच नाहीत.