गुडघ्यावर बसलेला साहेब आणि डबल स्पीडचा हिशेब



मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, माझ्या फोनमध्ये आठ कोअर आहेत, तरी गेम अडकतो. आठ कोअर म्हणजे आठपट स्पीड ना?" ऐकून हसू आलं, आणि लगेच थोडी लाजही वाटली. कारण २००६ साली मीसुद्धा अगदी हाच हिशेब केला होता, आणि तोही बाबांच्या पैशांनी.

कॉम्प्युटर असेंबल करून देणाऱ्या दुकानात आम्ही उभे होतो. बाबांनी विचारलं, "हा दुसऱ्यापेक्षा महाग का?" मी ऐटीत सांगितलं, "यात दोन प्रोसेसर आहेत बाबा. डबल स्पीड!" बाबांनी काही न बोलता पाकीट काढलं. घरी येऊन आवडती गेम लावली, तर ती चुलतभावाच्या जुन्या सिंगल-कोअर मशीनवर जास्त सुरळीत चालायची. ग्राफिक्स कार्ड दोघांकडे सारखंच होतं. चिप कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक चिपची नव्हतीच. माझ्या हिशेबाची होती. तो हिशेब कुठे चुकला, हे समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

चला, ऑक्टोबर २००४ मध्ये जाऊ. ठिकाण अमेरिका, एक मोठी तंत्रज्ञान परिषद. मंचावर इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट. आणि हे एवढे मोठे साहेब सगळ्यांसमोर चक्क गुडघ्यावर बसले! गमतीनेच बसले, पण माफी खरी होती. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणायचं जाहीर केलं होतं, आणि तो बेत नुकताच रद्द करावा लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, ३.८ पर्यंत जमलं, मग ४ ला काय अडलं? अडलं उष्णतेपाशी.

तोपर्यंतचा धंदा सोपा होता. दर वर्षी घड्याळ वाढवा, म्हणजे चिपचे दर सेकंदाचे ठोके वाढवा, आणि डब्यावर मोठा आकडा छापा. यामागे एक भक्कम आधार होता. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसोबत १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत नेला आणि त्या प्रमाणात व्होल्टेज कमी केलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात आणि उष्णता मात्र वाढत नाही. लहान करा, वेगवान करा, आणि तापूही देऊ नका. अजून काय पाहिजे?

पण ९० नॅनोमीटरपर्यंत येता येता हे गणित बिघडलं. ट्रान्झिस्टर इतका बारीक झाला की 'बंद' असतानाही त्यातून वीज झिरपायला लागली. नळ घट्ट फिरवला तरी ठिबकतोय, तसं. आणि असे नळ कोट्यवधी! शिवाय पेंटियम ४ ची रचनाच मोठ्या आकड्यासाठी केलेली. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीत एक सूचना ३१ टप्प्यांतून जायची. आधीच्या आवृत्तीत हेच टप्पे २० होते. टप्पे छोटे केले की घड्याळ जोरात पळवता येतं. पण पुढे काय येणार याचा चिपचा अंदाज चुकला, तर निम्मीअर्धी झालेली कामं टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणजे वीज जळते, काम मात्र होत नाही. ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ साठी ११५ वॉट उष्णता बाहेर काढायची तयारी ठेवावी लागायची. इंटेलच्याच पॅट गेलसिंगर यांनी २००१ मध्ये इशारा दिला होता की हे असंच चाललं, तर चिपच्या उष्णतेची तुलना आधी अणुभट्टीशी आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाशी करावी लागेल.

मग पर्याय काय? एका बैलाला चाबूक मारून तो अजून पळणार नसेल, तर गाडीला दुसरा बैल जुंपा. एका चिपवर दोन कोअर!

ही कल्पना नवी नव्हती. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर४ ही दोन कोअरची चिप आणली होती, पण ती मोठमोठ्या सर्व्हरसाठी. घरातल्या टेबलावर दोन कोअर आले ते २००५ च्या उन्हाळ्यात. इंटेलने मे महिन्यात 'पेंटियम डी' काढला. तीन मॉडेल: ८२०, ८३० आणि ८४०. घड्याळ अनुक्रमे २.८, ३.० आणि ३.२ गिगाहर्ट्झ. एका चिपवर सुमारे २३ कोटी ट्रान्झिस्टर, आणि प्रत्येक कोअरला स्वतःची १ एमबी कॅश.

ऐकायला छान, पण आत बघितलं की घाई दिसते. इंटेलने प्रेस्कॉटचेच दोन कोअर एकमेकांशेजारी ठेवले होते. त्यांच्यात थेट रस्ता नव्हता. कल्पना करा, एकाच वाड्यात दोन भाऊ राहतात, मध्ये भिंत, आणि भिंतीला दार नाही. एकाला दुसऱ्याला निरोप द्यायचा तर बाहेर रस्त्यावर यायचं आणि वळसा घालून त्याच्या दाराशी जायचं. हा रस्ता म्हणजे फ्रंट साइड बस. बरं, मेमरीतला डेटाही याच रस्त्याने यायचा, म्हणजे गर्दी ठरलेली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सॉकेट जुनंच होतं, तरी चिपसेट नवा लागायचा, म्हणजे बहुतेकांना मदरबोर्डही नवा घ्यावा लागला. आणि ८४० मॉडेलचा उष्णतेचा आकडा? १३० वॉट.

त्याच मे महिन्याच्या शेवटी एएमडीचा 'अ‍ॅथलॉन ६४ एक्स२' आला. या भावांच्या भिंतीला आतून दार होतं. दोन्ही कोअर चिपच्या आतच बोलायचे, आणि मेमरी कंट्रोलरही चिपवरच होता. बऱ्याच जुन्या सॉकेट ९३९ बोर्डांवर नुसतं बायोस अपडेट केलं की तो चालायचा. सगळ्यात वरचं मॉडेल ४८००+, पण त्याचं घड्याळ फक्त २.४ गिगाहर्ट्झ. तरी त्या वेळच्या बहुतेक चाचण्यांत त्याने ३.२ च्या पेंटियम डीला मागे टाकलं. आकडा लहान, काम जास्त.

मग एएमडी जिंकली, विषय संपला? थांबा, किंमत बघू. सगळ्यात स्वस्त पेंटियम डी २४१ डॉलरला होता. पहिल्या चार एक्स२ मधला सगळ्यात स्वस्त ५३७ डॉलरला! म्हणजे सामान्य माणसाच्या घरात दुसरा कोअर पोचवायचं काम त्या घाईच्या, तापट चिपनेच जास्त केलं. हे श्रेय तिला द्यायलाच हवं.

आता माझ्या गेमकडे येऊ. तेव्हाच्या बहुतेक गेम एकच कोअर वापरायच्या. समजा, एकाकडे ३.८ चा सिंगल-कोअर पेंटियम ४ आहे आणि दुसऱ्याकडे २.८ चा पेंटियम डी. गेम एकाच कोअरवर पळणार, म्हणजे दुसऱ्याचं घड्याळ सरळ २६ टक्के मागे. दुसरा कोअर बाजूला बसून माश्या मारतोय! हां, गाणी ऐकत, अँटीव्हायरस चालू ठेवून व्हिडिओ कन्व्हर्ट करत असाल, तर मात्र दोन कोअरचा फरक लगेच जाणवायचा.

कामाची वाटणी करता आली, तरी एक मर्यादा असतेच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच तिच्यावर बोट ठेवलं होतं. पुरणपोळ्या करायच्यात. लाटायला दोघी बसल्या तर लाटणं निम्म्या वेळात होईल, पण डाळ शिजायची तेवढा वेळ शिजणारच. दहा मिनिटांच्या कामात चार मिनिटं अशी 'डाळीची' असतील, तर दोन कोअरवर ते काम पाच नाही, सात मिनिटांत होतं. आठ कोअर लावले तरी पावणेपाच मिनिटं लागतातच.

म्हणूनच मार्च २००५ मध्ये हर्ब सटर यांनी प्रोग्रामर लोकांसाठी एक लेख लिहिला, 'द फ्री लंच इज ओव्हर'. तोपर्यंत जुनाच प्रोग्राम नव्या चिपवर आपोआप वेगात पळायचा. आता ते फुकटचं जेवण बंद, काम कसं वाटायचं हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागणार, असं त्यांचं म्हणणं.

इंटेलही धडा शिकली. जुलै २००६ मध्ये 'कोअर २ डुओ' आला. लॅपटॉपच्या चिपच्या वंशातला, १४ टप्प्यांचा, दोन्ही कोअरना मिळून एकच कॅश. २.४ गिगाहर्ट्झचं ई६६०० मॉडेल पेंटियम डी ८४० ला आरामात मागे टाकायचं, आणि त्याचा उष्णतेचा आकडा होता ६५ वॉट. म्हणजे बरोबर निम्मा.

तर मित्रा, तुझ्या आठ कोअरचं उत्तर यातच आहे. बहुतेक फोनमध्ये ते आठ सारखे नसतात. काही जोरकस, काही वीज वाचवणारे. गेमचं मुख्य काम एकदोन जोरकस कोअरवरच पडतं, आणि फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. २००४ मध्ये बॅरेटसाहेबांना गुडघ्यावर आणणारी उष्णता आज तुझ्या खिशात आहे. पुढचा फोन घेताना 'कोअर किती?' यापेक्षा 'कोअर कोणते?' आणि 'अर्ध्या तासाने किती तापतो?' हे आधी विचार.

बाबांना मी हे सगळं परवा समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तेव्हा स्वस्तातला चालला असता तर!"

चालला असता, बाबा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, प्रश्न पाठवत राहा!