रात्रीच्या सुरांचे मसुदे

कुंभकोणम येथे बदलून आल्यावर आम्ही प्रथम शिकलो ते हे, की या गावी रात्र केवळ झोपेसाठी नसते. उत्सवात देवाची मिरवणूक निघते, पुढे नागस्वरम् व तविल वाजत असतात आणि कचेरीतून दमून आलेली माणसेही रस्त्याच्या कडेला उभी राहतात. अशाच एका रात्री मिरवणूक पुढे गेली आणि कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानातून ‘शोला जो भडके’ हे गाणे ऐकू आले. आमच्या एका मराठी स्नेह्यांनी नाक मुरडले : “हे विलायती नाचगाणे येथे कशाला?”

विलायती म्हणावे, तर १९५१ च्या ‘अलबेला’तील या गाण्याची चाल पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची, म्हणजेच सी. रामचंद्रांची. लता मंगेशकरांच्या बरोबरीने गायले तेही तेच. पडद्यावर नाचले ते गिरणी कामगाराचे पुत्र भगवान पालव. परके म्हणावे, तर याच भगवानांनी १९४१ साली ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला व त्याला संगीत रामचंद्रांचे होते. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना पहिली संधी मिळाली ती तमिळ चित्रपटांतच.

गाण्यातील बोंगो, क्लॅरिनेट व ट्रंपेट यांचा जल्लोष मात्र मुंबईच्या हॉटेलांतील रात्रींचा. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी घडविलेला जॅझ तेथे रंगविला तो बहुतांशी गोव्याच्या वादकांनी. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ताजमहाल हॉटेलात ट्रंपेट वाजवीत. ‘अलबेला’त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेली ही मंडळी. संगीतकाराने चाल सांगावी आणि यांच्यातील जाणत्याने प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर उतरवावा, अशी त्या काळची रीत. तबकडीवर मात्र वादकांची नावे बहुधा नसत.

हे वाचून वाचकांना आपलेच टेबल आठवले असेल. मसुदा एकाचा, सही दुसऱ्याची! सहीची जबाबदारी मोठी असते, हे आम्ही जाणतो. त्याविषयी तक्रार नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने केवळ सही पाहून फाईल बंद करू नये.

पुढच्या उत्सवात मिरवणूक थांबली, तेव्हा आम्ही नागस्वरम् वाजविणाऱ्यांचे नाव विचारले. त्यांनी ते सांगितले, मग तविलवाल्याचेही सांगितले. नाक मुरडणारे आमचे स्नेही दिव्याखाली उभे राहून दोन्ही नावे वहीत उतरवून घेत होते.