सचित्र कथासंग्रह स्वतः छापला, पण तो वाचकांपर्यंत कसा न्यायचा?

छापखान्यातून खोकी घरी येतात, प्रकाशन समारंभ होतो, फोटो टाकले जातात. ‘अभिनंदन’, ‘खूप शुभेच्छा’ अशा शेकडो प्रतिक्रिया येतात. महिन्याभरानंतर मात्र बहुतेक खोकी पलंगाखालीच असतात. पुस्तक स्वतः प्रकाशित करणाऱ्या अनेकांचा हा अनुभव आहे. पुस्तकात चित्रं असतील तर चित्रकाराचं मानधन आणि रंगीत छपाईमुळे खर्च वाढतो आणि घरचे पैसे जास्त काळ अडकतात.

अशा पुस्तकाचा प्रचार नेमका कसा करायचा? यासाठी जगातल्या एका गाजलेल्या पुस्तकाची सुरुवात पाहण्यासारखी आहे.

आधी वाचक, मग प्रती

बिअॅट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिकेने १८९३ मध्ये एका आजारी मुलाला चित्रं काढलेलं पत्र पाठवलं. त्यात पीटर नावाच्या सशाची गोष्ट होती. पुढे तिने त्याचं पुस्तक करायचं ठरवलं, पण अनेक प्रकाशकांनी नकार दिला. लहान मुलांच्या हातात मावेल असं छोटं आणि स्वस्त पुस्तक तिला हवं होतं. डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. नातेवाईक आणि ओळखीच्या लोकांमध्ये त्या इतक्या लवकर संपल्या की पुढच्या काही आठवड्यांत आणखी २०० प्रती छापाव्या लागल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन संस्थेने तेच पुस्तक रंगीत चित्रांसह बाजारात आणलं.

पॉटरची गोष्ट पुस्तक होण्याआधीच एका मुलापर्यंत पोहोचली होती, आणि पहिली आवृत्ती ओळखीच्या वर्तुळाला पुरेल इतकीच होती. मराठीत यासाठी जुना मार्ग आहे, तो म्हणजे प्रकाशनपूर्व सवलत. छपाईला जाण्याआधी सवलतीच्या दरात नोंदणी सुरू करायची आणि आलेल्या नोंदणीवरून प्रतींचा आकडा ठरवायचा. नोंदणी ६० जणांनी केली असेल तर ‘हजार प्रती छापल्या की स्वस्त पडतं’ हा सल्ला बाजूला ठेवलेला बरा. थोड्या प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई करता येते. त्यात एका प्रतीचा खर्च जास्त असतो, पण पैसे अडकत नाहीत.

किंमत ठरवताना

चार्ल्स डिकन्सने १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरोल’ स्वतःच्या खर्चाने काढलं. त्यात रंगीत चित्रं होती, बांधणी देखणी होती आणि किंमत पाच शिलिंग ठेवली होती. पहिल्या ६ हजार प्रती काही दिवसांत संपल्या. हजार पौंडांच्या नफ्याची आशा होती, हाती आले साधारण २३०. निर्मितीचा खर्च किमतीच्या मानाने फार झाला होता.

हाच हिशेब आज असा दिसतो. समजा, ५०० प्रतींना ८० हजार रुपये लागले. म्हणजे एक प्रत १६० रुपयांना पडली. छापील किंमत २५० ठेवली आणि विक्रेत्याने ४० टक्के कमिशन घेतलं, तर हाती १५० येतात. म्हणजे प्रत्येक प्रतीमागे १० रुपये तोटा. तीच प्रत १० टक्के सवलतीत थेट वाचकाला विकली तर २२५ मिळतात. पॅकिंग आणि टपालाचे ३५ वजा केले तरी ३० रुपये उरतात. त्यामुळे किंमत छापण्याआधीच प्रत कुठे विकायची ते ठरवावं लागतं.

सोशल मीडियावर काय दाखवावं?

‘माझं पुस्तक आलं आहे, नक्की वाचा’ ही पोस्ट ओळखीचे लोक लाइक करतात. अनोळखी वाचकाला मात्र पुस्तकात काय आहे ते कळत नाही. चित्रामुळे स्क्रोल करणारं बोट थांबतं, पण पुस्तक घ्यावंसं वाटतं ते गोष्टीमुळे. म्हणून दोन्ही एकत्र दाखवावं.

- एक पोस्ट, एक चित्र, एक प्रसंग. चित्रासोबत कथेतली दोन-तीन वाक्यं द्यावीत आणि उत्सुकता वाढेल तिथे थांबावं. दहा कथांच्या संग्रहातून अशा निदान दहा पोस्ट होतात.
- एक कथा पूर्ण वाचू द्यावी. ती सगळ्यांत चांगल्या कथांपैकी असावी. अनोळखी लेखकावर विश्वास बसायला ती पुरते.
- छापलेल्या पानाचा फोटो टाकावा. पडद्यावरचे भडक रंग कागदावर थोडे मंद दिसतात. फक्त मूळ डिजिटल चित्र दाखवलं तर प्रत हातात आल्यावर वाचकाचा हिरमोड होतो.
- निर्मिती दाखवावी. कच्चं रेखाटन आणि पक्कं चित्र शेजारी शेजारी ठेवलेली पोस्ट लोक आवडीने पाहतात. त्यात चित्रकाराचं नाव असलंच पाहिजे.
- खरेदी सोपी ठेवावी. किंमत, टपालखर्च आणि मागवायची पद्धत प्रत्येक पोस्टमध्ये लिहावी. ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हटलं की बरेच जण पुढे निघून जातात. ऑर्डरसाठी व्हॉट्सअॅप बिझनेसचा वेगळा क्रमांक ठेवला तर खासगी क्रमांक जाहीर करावा लागत नाही.

अभिप्राय मागताना एक काळजी घ्यावी. अॅमेझॉनच्या नियमांनुसार लेखकाचे कुटुंबीय आणि जवळचे मित्र त्याच्या पुस्तकावर अभिप्राय लिहू शकत नाहीत. असे अभिप्राय काढून टाकले जातात. त्यापेक्षा पुस्तक वाचलेल्या अनोळखी माणसाचे चार प्रामाणिक शब्द जास्त उपयोगी पडतात.

चित्रं वापरण्याची परवानगी आहे का?

पुस्तकासाठी काढून घेतलेली चित्रं पोस्टर, कॅलेंडर किंवा कपावर छापता येतात का? ते चित्रकाराशी काय ठरलं आहे यावर अवलंबून असतं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून पुस्तक, जाहिरात, सोशल मीडिया आणि इतर वस्तू यांचा करारात स्वतंत्र उल्लेख करावा. मैत्रीत काम झालं असेल तरीही करावा, कारण वाद बहुतेकदा पुस्तक चालल्यावरच होतात.

मोबाइलबाहेरचा वाचक

डिकन्सने डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये लोकांसमोर ‘कॅरोल’ मोठ्याने वाचलं आणि पुढे त्याची वाचनं प्रचंड गाजली. मराठीत अभिवाचनाची आवड जुनीच आहे. वाचनालय, शाळा, सोसायटीचा गणेशोत्सव किंवा भिशीचा गट, कुठेही २० मिनिटांत एक कथा वाचता येते. मागे पडद्यावर चित्रं दाखवली तर सचित्र पुस्तकाचा कार्यक्रम वेगळाच रंगतो. शेजारच्या टेबलावर प्रती ठेवायला विसरू नये.

ग्रंथालयांसाठी आयएसबीएन क्रमांक घ्यावा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो आणि लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. महाराष्ट्राच्या ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठीही पुस्तक पाठवावं. शिवाय १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. स्वयंप्रकाशनात ही जबाबदारी लेखकाची असते.

लांबच्या वाचकासाठी टपाल खात्याने मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू केली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, तर पाच किलोपर्यंत १०० रुपये असे होते, कर वेगळा. त्यामुळे कागद निवडतानाच पुस्तकाचं वजन पाहावं.

किती दिवस प्रचार करायचा?

प्रकाशनाचा आठवडा संपला की बहुतेक लेखक थांबतात, पण कथासंग्रह शिळा होत नाही. पावसाळ्यात पावसाची कथा, मे महिन्यात सुट्टीची कथा, दिवाळीत भेट म्हणून पूर्ण संच, असं एकच पुस्तक वर्षभर नव्याने समोर आणता येतं. दर महिन्याला एक कथा निवडून तिचं एक चित्र आणि एक छोटं वाचन एवढं केलं तरी वर्षात बारा निमित्तं मिळतात. पलंगाखालचं खोकं एकदम रिकामं होत नाही, पण अशा प्रत्येक निमित्ताने त्यातल्या चार-दोन प्रती बाहेर निघू शकतात.